बोर्डासमोर बाबांनी छाती काढली

"कधीपासून होतंय हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतीन आठ-पंधरा दिवस," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म पुन्हा दिव्यावर लावली. थोडा वेळ बघितली. मग बाबांना काही न बोलता माझ्याकडे वळले. "हे पंधरा दिवसांचं नाही. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

नागपूरच्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो. बाबा, माय आणि मी. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यायला मी मांडीवर वही उघडून बसले होते. त्या पानावर आजही फक्त तारीख आहे.

आजाराचं नाव सर्व्हायकल मायलोपॅथी. डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूकडून हातापायांकडे जाणारी एक जाड दोरी मानेच्या मणक्यांमधून खाली उतरते. तिला मज्जारज्जू म्हणतात. बाबांच्या मानेतल्या चकत्या झिजून मागे सरकल्या होत्या, हाडं वाढली होती आणि ती दोरी त्यांत चेंगरत होती. हातपाय शाबूत होते. त्यांच्यापर्यंत मेंदूचा निरोपच नीट पोचत नव्हता.

"काम काय करता?"

"राइस मिलमध्ये हमाली. तांदळाचे बोरे उचलतो, पोते."

"मानेवर घेता?"

"मानेवर, पाठीवर. छत्तीस-सदतीस वर्सं झाले."

"आता एकही बोरा नाही," डॉक्टर म्हणाले. "कधीच नाही. एका झटक्यानं मानेखालचं सगळं शरीर लुळं पडू शकतं."

"मंग ते बूट!" माय एकदम म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. दोनेक वर्षांपूर्वी बाबांनी चपला सोडून बिननाडीचे घट्ट कॅनव्हासचे बूट घालायला सुरुवात केली होती. या वयात खेळाडू व्हायचं हाय काय, म्हणून माय त्यांना चिडवायची. त्याच सुमारास त्यांनी शर्ट सोडून गळ्यातून घालायचे बनियन धरले, उकडते म्हणून. चहा कपात नको, गिलासात दे म्हणू लागले आणि गिलास दोन्ही हातांनी धरू लागले. चालता चालता पायातली चप्पल मागे राहिलेली त्यांना कळत नव्हती. बटण लागत नव्हतं. कप सांडत होता. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं आणि आम्ही हसत होतो.

माझा पहिला धक्का आजाराचा नव्हता. एक माणूस एकाच घरात राहून इतकं लपवू शकतो, याचा होता.

ऑपरेशन झालं. त्याला लॅमिनेक्टॉमी म्हणतात. मणक्यांच्या मागची हाडाची कमान काढून मज्जारज्जूला जागा करून देतात. सर्जननी आधीच सांगितलं होतं, "उरलं आहे ते वाचवायला आपण हे करतोय. गेलेलं परत येईलच असं समजू नका." आयुष्मान कार्डावर उपचार झाले. त्या दवाखान्यातल्या प्रत्येकाचे आमच्यावर उपकार आहेत. सफाईच्या मावशींनी तर मायला स्वतःच्या डब्यातून जेवू घातलं.

मध्य प्रदेशातल्या आमच्या गावाला, लालबर्र्याला परत आल्यावर गळ्यात कॉलर, रोजचे व्यायाम, दर महिन्याला नागपूरची फेरी. सहा महिन्यांनी बाबा काठी घेऊन चालू लागले. पाय ताठ पडायचे, वळताना तोल जायचा. हातात घेतलेली वस्तू पडायची. बटण लागत नव्हतंच.

शेवटच्या भेटीत सर्जन म्हणाले, "आता यापुढे फार फरक पडणार नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. चाळीस टक्के किंवा त्याच्या वर आलं, तर पेन्शनसाठी अर्ज करता येईल."

आम्हाला पेन्शन हवी होती. मी अतिथी शिक्षक आहे. शाळा सुरू असली तर माझं काम, उन्हाळ्यात नाही. माय हंगामात धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जाते. पण मला ते प्रमाणपत्र आणखी एका कारणासाठी हवं होतं. बाबा रोज मिलचं नाव काढत होते. "कॉलर निघाली का जातो. हलके बोरे उचलीन." डॉक्टरांचं सांगणं त्यांच्या लेखी सल्ला होता. सरकारनं मोहर लावून लिहून दिलं, की या माणसाला आता हे काम होणार नाही, तर ते ऐकतील असं मला वाटत होतं. नाही ऐकलं तर एक दिवस त्यांना मिलमधून खाटेवर टाकून आणतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अर्ज मी स्वतः ऑनलाइन भरला. राज्य सरकारचा समग्र आयडी, आधार, दवाखान्याचे कागद, फोटो. फोटो काढायचा म्हटल्यावर बाबा आधी न्हाव्याकडे गेले. केस आणि मिशी कुळकुळीत करून आले.

"नवरदेव कुठं निघाला?" मायने विचारलं. "मांडव कोणाच्या दारात हाय?"

"सरकारी काम हाय," बाबा म्हणाले. "पांढऱ्या मिशीले कोणी इचारत नाही."

त्यांच्या या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

मेडिकल बोर्डाच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने बालाघाटला गेलो. मेडिकल बोर्ड म्हणजे डॉक्टरांची समिती. ते माणसाला तपासतात आणि किती टक्के अपंगत्व आहे ते ठरवतात. मी आदल्या दिवशी बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री केला होता. सकाळी त्याची सगळी बटणं माझ्या हाताने लावली, गळ्यापर्यंत. वर त्यांना सांगितलं, "मोठे डॉक्टर असतात बाबा. नीट राहा. उलटसुलट बोलू नका."

"हौ, मास्तरीणबाई."

सरकारी दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात खूप लोक होते. कोणाला कुबड्या होत्या, कोणाला पाठीवर घेऊन आले होते. एक म्हातारी आपल्या आंधळ्या नवऱ्याला शेंगदाणे सोलून देत होती. तीन तास बसलो. बाबा सगळ्यांकडे बघत होते आणि हळूहळू त्यांची पाठ सरळ होत गेली. मला वाटलं, बसून अवघडले असतील.

नाव पुकारलं. बाबांनी काठी माझ्या हातात दिली. दारापाशी बूट काढले, सगळेच काढत होते. सोबतच्यांना बाहेर थांबवत होते. बाबा छाती काढून, हळू पण सरळ, आत गेले. ते पाठमोरे जाताना बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

चार-पाच मिनिटांत ते बाहेर आले. चेहरा खुललेला.

"काय विचारलं?"

"काही नाही. चालून दाखवा म्हणे, बोट दाबा म्हणे. चांगले मानसं हाय."

काही दिवसांनी कागद हातात आला. कायमचं अपंगत्व, तीस टक्के.

मी तो तीनदा वाचला. मला वाटलं कोणा दुसऱ्याचा असेल. वर नाव बाबांचंच, फोटो बाबांचाच. सोबतच्या नोंदीत लिहिलं होतं, आधाराशिवाय चालतात, हाताची पकड चांगली. ज्या माणसाला मी सकाळी शर्ट घालून देत होते, त्याची पकड चांगली?

घरी येऊन कागद वाचून दाखवला. मायने "मंग पेन्शन?" एवढंच विचारलं. बाबा मात्र खुश झाले.

"तीसच गेले ना? म्हणजे सत्तर बाकी हाय!" ते म्हणाले. "तुह्या शाळेत सत्तरवाला पोरगा पहिल्या नंबरानं पास होते. काहून तोंड पाडून बसली?"

मी कागदाची घडी करून तो फायलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. काठी दाराच्या मागे तशीच उभी होती. कॅनव्हासचे बूट नव्हते. माय अंगणात होती, ती म्हणाली, "नळावर गेले असतीन." पण काठी सोडून ते नळावर जात नव्हते. मी तशीच मिलकडे पळाले.

लालबर्र्यात इतकी वर्षं राहून त्या मिलच्या फाटकापाशी मी सकाळी कधी गेले नव्हते. बायाबापड्यांचं तिथं काम नसतं. सिवनी रोडवरच्या त्या फाटकासमोर वीस-पंचवीस माणसं ओळीत उभी होती. कोणी बोलत नव्हतं. मुकादम ओळीसमोरून चालत होता. कोणाला काही विचारत नव्हता. नुसता वरपासून खालपर्यंत बघायचा आणि बोट करायचा. "तू. तू. तू आ जा." बोट झालं तो आत जायचा. बोट झालं नाही तो मागच्या मागे घरी.

ओळीत जवळजवळ सगळे वयाने मोठे होते आणि जवळजवळ सगळ्यांचे केस काळे होते. सगळे छाती काढून उभे होते. शेवटून तिसरे बाबा.

तिथं मला कळलं. बोर्डाच्या दारातून आत जाताना जी पाठ मी पाहिली होती, ती हीच पाठ होती.

मुकादम त्यांच्यासमोर थांबला. "काका, तुम? गर्दन का ऑपरेशन कराके आए हो ना?"

"हो गया ठीक. चलके दिखाता हूं."

आणि बाबांनी चालून दाखवलं. पाच पावलं पुढे. श्वास रोखून, दात आवळून. परत वळताना त्यांचा डावा पाय जमिनीला अडकला आणि ते कलंडले. मुकादमानेच त्यांना धरलं. ओळीतला एकही माणूस हसला नाही. सगळे समोर बघत उभे राहिले, आपली छाती न सोडता.

मुकादमाने मला पाहिलं. बाबांचा हात माझ्या हातात देत म्हणाला, "ले जा बिटिया. हम इनको उठाने नहीं देंगे. इतने साल की जान-पहचान है." ओळीसमोर "तू आ जा" म्हणतानाचा त्याचा आवाज हा नव्हता. आज मला त्या माणसाबद्दलही कृतज्ञता वाटते. तो बोट करून मोकळा होऊ शकला असता.

परत येताना बाबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालले. पिंपळाच्या पारावर मी त्यांना बसवलं.

"बाबा, बोर्डात पण असंच चालून दाखवलं?"

"हौ."

"काहून?"

बाबांनी मागे वळून मिलकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले वाटलं, ते निवडून राह्यले."

"कोण?"

"ते डाक्टर. तिघं बसेल होते टेबलावर. एकेकाले पाहून राह्यले, लिहून राह्यले. बाहेर कित्येक मानसं उभे. मंग मी काय कमजोर म्हणून उभा राहू?"

मी पारावर त्यांच्या शेजारी बसले. मी त्यांना सांगितलं होतं की अर्ज पेन्शनचा आहे. कागद कोणते लागतात तेही सांगितलं होतं. पण आतले लोक काय बघणार आणि कशासाठी बघणार, हे मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं हे काय सांगायचं, हे तर कळतंच. मला कळत होतं, कारण मी फॉर्म भरतच मोठी झाले. बाबांच्या आयुष्यात मात्र त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघणारा माणूस एकाच गोष्टीसाठी बघत आला होता, याच्याकडून काम होईल की नाही. त्यात माझा वाटाही होता. इस्त्री मीच केली. बटणं मीच लावली. नीट राहा हेही मीच म्हटलं.

तपासणाऱ्या डॉक्टरांची यात चूक नव्हती. त्यांनी पाहिलं ते लिहिलं.

फेरतपासणी मागता येते, हे मला माहीत नव्हतं. बालाघाटच्या दवाखान्यातल्या एका बाबूंनी ते समजावून सांगितलं, मुदत सांगितली आणि अर्जात काय लिहायचं तेही सांगितलं. मी नागपूरच्या सर्जनचं पत्र, ऑपरेशनचे कागद, एमआरआयची फिल्म सगळं जोडलं. पहिल्या वेळी फिल्म मी पिशवीतच ठेवली होती, कोणी मागितली नाही म्हणून.

कागदांचं काम सोपं होतं. बाबांचं अवघड.

"म्हणजे नाटक करू?" ते चिडले. "लंगडून दाखवू? हे मले नाही जमायचं. सदतीस वर्सं इमानानं काम केलं."

"नाटक नाही करायचं. नाटक तर तुम्ही मागच्या वेळी केलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. माय चुलीपासून म्हणाली, "बरोबर बोलली पोरगी. घरात जसे राह्यता तसे जा. माह्यासमोर शिरा ताणून चालता काय?"

फेरतपासणीच्या दिवशी मी शर्टाला इस्त्री केली नाही आणि बटणंही लावून दिली नाहीत. हे लिहायला सोपं आहे. समोर बसून बघणं सोपं नव्हतं. बाबा खाटेवर बसून पंचवीस मिनिटं त्या बटणांशी झगडत होते. तीन लागली, त्यातली दोन चुकीच्या काजात. माझा हात दोनदा पुढे गेला, मायने दोन्ही वेळा मला मागे ओढलं. शेवटी बाबांनी वरून गमछा टाकला आणि उठले. अख्ख्या बसप्रवासात ते गमछा छातीवर धरून बसले होते.

या वेळी काठी त्यांच्या हातात होती. मला सोबत आत येऊ दिलं. टेबलामागे तीन डॉक्टर, मधे एक बाई. दारातून आत शिरताच बाबांची मान वर व्हायला लागली. छाती भरू लागली. मी बघत होते. मी काहीच करू शकत नव्हते.

डॉक्टरबाईंनी कागद चाळले, फिल्म उजेडावर धरली. मग एकदम विचारलं, "काका, आज शर्ट किसने पहनाया?"

बाबा थांबले.

"खुद पहना, साहब."

"गमछा हटाइए जरा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच गमछा काढून खांद्यावर टाकला. वाकडा लागलेला शर्ट, मधलं उघडं पोट. डॉक्टरबाई उठून त्यांच्याजवळ आल्या. आवाज मऊ करून म्हणाल्या, "ये ऊपर वाला बटन लगाके दिखाइए. आराम से. कोई जल्दी नहीं."

बाबांनी बटण धरलं. ते सुटलं. पुन्हा धरलं. बोटं थरथरत होती आणि बटण त्यांच्यामधून निसटत होतं. त्यांनी पुन्हा एकदा धरलं. मग हात खाली सोडले. भरलेली छाती हळूहळू खाली बसली.

"नाही होत, साहेब," ते म्हणाले. मराठीत, आमच्या घरातल्या आवाजात.

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मी जन्मल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर त्यांना चालवलं, वळवलं, मुठी भराभर उघडमीट करायला सांगितल्या, गुडघ्यावर हातोडी मारली. बाबांनी काहीच लपवलं नाही आणि काहीच वाढवलं नाही. नवीन प्रमाणपत्रात साठ टक्के आले. पेन्शनचा अर्ज मंजूर झाला. मिलचं नाव त्या दिवसापासून बाबांनी काढलं नाही. सरकारच्या मोहरेमुळे असेल, किंवा 'नाही होत' हे ते स्वतःच बोलले म्हणून असेल. मी विचारलं नाही.

तुमच्या घरात कोणी असं मेहनतीचं माणूस बोर्डासमोर जाणार असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे. कागद नंतर लावा. आधी त्या माणसाजवळ बसा. आत कोण बसलेलं असतं, ते काय बघतात आणि का बघतात, हे त्याला समजेपर्यंत सांगा. त्याला कसं उभं राहायचं ते शिकवू नका. ते त्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं. घरी त्याला काय जमत नाही ते एका कागदावर लिहा आणि तो कागद सोबत न्या. फिल्म पिशवीत ठेवू नका, टेबलावर ठेवा. आणि त्या दिवशी त्याचा शर्ट तुम्ही घालून देऊ नका.

बाबांनी केस रंगवणं सोडलं. मिशी आता पूर्ण पांढरी आहे. माय म्हणते, "आता कुठं माह्या वयाचे दिसता."

परवा पोस्टाने बाबांचं अपंगत्वाचं कार्ड आलं. त्यावर फोटो अर्जाच्या वेळचाच आहे. कुळकुळीत मिशी, गळ्यापर्यंत मी लावून दिलेली बटणं, काढलेली छाती. संध्याकाळी मी बाबांना मिलसमोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथं सुट्टी झालेले हमाल बसतात. बाबांनी कार्ड सगळ्यांना दाखवलं. एक जण बघून म्हणाला, "काका, फोटो में तो तुम दो बोरे उठा लोगे!"

सगळे हसले. बाबाही हसले.

"फोटो जुना हाय," ते म्हणाले.

मग कार्ड माझ्यापुढे धरलं. "ठेव वं बाई, माह्या खिशात ठेवून दे. मले नाही होत."